घरातून गेलेल्या माणसाचं पान

(साक्षरता वर्गात केलेलं भाषण)



वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, मंडळी आता लिहू लागली. सही झाली, नाव-गाव झालं, बाजाराची यादी झाली. पुढं काय लिहायला द्यावं?" मी म्हटलं, घराचं एक पान लिहायला द्या. ते कसं करायचं ते आज सांगतो.

पान म्हणजे एक जाड कागद. त्यावर आपल्या घरातून परमुलखाला गेलेल्या एका माणसाची हकीकत लिहायची. तो कोण, कुणाचा, कधी गेला, कशानं गेला, कुठं पोचला आणि मागं कोण राहिलं. त्याचा फोटो असेल तर फोटोची प्रत, कागद असेल तर कागदाची नक्कल. अशी पानं एकत्र बांधली की शहरातले लोक त्याला आल्बम म्हणतात. आपण पान म्हणू.

कुणी म्हणेल, आमच्या घरातून कोण गेलंय परमुलखाला? मी म्हणतो, ज्यातून कुणीच गेलं नाही असं कोकणातलं एक घर मला दाखवा. आपल्याकडं भात पिकतं चार महिन्यांचं आणि तोंडं असतात बारा महिने खाणारी. माणसं बाहेर पडणारच. कुणी मुंबईला गिरणीत गेले, कुणी बोटीवर खलाशी झाले, कुणी आफ्रिकेत गेले. आणि ज्यांची आठवणसुद्धा आता वाडीत राहिली नाही, असे काही मॉरिशसला गेले.

मी मॉरिशसचं उदाहरण घेणार आहे. एक तर ते लांबचं आणि जुनं. दुसरं, तिथले कागद नीट राहिले आहेत, आणि कागद राहिला म्हणजे काय होतं ते त्यावरून कळतं.

मॉरिशस हे हिंदी महासागरातलं बेट. आफ्रिकेच्या पूर्वेला, मादागास्करच्याही अलीकडं, आपल्या बाजूला. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे चार भाग केले तर एका भागाएवढं. १८१० मध्ये ते इंग्रजांकडं आलं. तिथं उसाचे मोठमोठे मळे. त्यात गुलाम राबत. पुढं इंग्रज सरकारनं गुलामगिरी बंद केली, आणि मॉरिशसमध्ये तो कायदा १ फेब्रुवारी १८३५ पासून लागू झाला. मळेवाल्यांना दुसरे हात हवे होते. ते हात हिंदुस्थानातून नेले. २ नोव्हेंबर १८३४ या दिवशी 'अॅटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन तिथं पोचलं. तो दिवस मॉरिशसमध्ये आजही पाळतात, त्या दिवशी सुट्टी असते.

मग कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून माणसं जात राहिली. मध्यंतरी लोकांनी ओरड केली म्हणून भरती बंद झाली, ती १८४२ मध्ये पुन्हा उघडली. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ ५ लाख माणसं तिकडं उतरली. मुंबईहून गेलेले त्यांत कमी, पण त्या थोड्यांत आपल्या रत्नागिरीकडचे बरेच. ज्या ठिकाणी ही माणसं उतरत, ती जागा पोर्ट लुई या शहरात आहे. तिला 'आप्रवासी घाट' म्हणतात. दगडी पायऱ्या, दवाखान्याची खोली, माणसं ठेवण्याच्या पडव्या, यांतलं थोडं अजून उभं आहे. २००६ मध्ये युनेस्कोनं त्या जागेला जागतिक वारशाचा मान दिला.

माणसं करारावर जात. अंगठा उठवायचा आणि जायचं. सुरुवातीच्या करारांत पाच वर्षं काम, पुरुषाला महिना ५ रुपये, शिवाय तांदूळ-डाळ. ऐकायला बरं वाटतं. पण एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापत. आजारी पडला तरी तेच. करारात काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. तुम्ही या वर्गात का बसता, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगा.

या प्रकाराविरुद्ध हिंदुस्थान सरकारच्या कायदेमंडळात कोण बोललं? आपल्याच जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले. १९१२ मध्ये त्यांनी ही करारी मजुरी बंद करा असा ठराव मांडला. सरकारी मतं जास्त होती, ठराव पडला. पण बोललेलं वाया गेलं नाही. १९१७ मध्ये हिंदुस्थानातून असली भरती थांबली.

आता कागदाकडं येतो. तिकडच्या सरकारला मजुरांवर नजर ठेवायची होती. म्हणून उतरलेल्या प्रत्येक माणसाला नंबर दिला. नंबरापुढं नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जहाजाचं नाव, अंगावरची खूण. पुढं १८६७ मध्ये कायदा केला की करार संपलेल्या जुन्या मजुरानं स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगायचं. ते जवळ नसेल तर पोलीस धरत. म्हणजे फोटो काढला तो धरपकडीसाठी. पण गंमत बघा, त्या काळी आपल्या वाड्यांतल्या कुणाचा फोटो काढलेला होता? खोतांचासुद्धा नसेल. आणि तिकडं ऊस तोडणाऱ्या गड्याचा फोटो आहे. डोक्याला मुंडासं, डोळे रोखलेले. धरायला काढलेला तो फोटोच आज त्याच्या नातवंडा-पतवंडांना आजोबाचं तोंड दाखवतो. हे सगळे कागद मोका या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूट म्हणून १९७० मध्ये निघालेली संस्था आहे, तिथं सांभाळून ठेवले आहेत. घरच्या माणसांना तिथं शोध घेता येतो.

आपल्याकडं तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात असंच एक कुटुंब आलं होतं. काहींनी पाहिलं असेल. नवरा, बायको, कॉलेजातली मुलगी आणि एक म्हातारी आत्या. ती माणसं मराठी बोलत होती, जरा पुस्तकी, आणि आपसांत त्यांची क्रियोल भाषा. मुलीच्या हातात एक पान होतं. मोठं, जुन्या वहीसारखं पिवळसर. मधोमध फोटो, खाली नंबर, जहाजाचं नाव, साल. एका बाजूला हातानं काढलेला नकाशा. आणि 'गाव' या शब्दापुढं इंग्रजीत एक नाव, ज्याचे दोन-तीन उच्चार होतील असं. आपल्या तालुक्यात त्या उच्चाराची दोन गावं आहेत. त्यातलं एक आपलं.

लिहिणारा कारकून परका. त्याच्या कानाला ऐकू आलं ते त्यानं लिहिलं. रत्नागिरीचं नावसुद्धा जुन्या इंग्रजी कागदांत रटनाघेरी असल्यासारखं लिहिलेलं सापडतं, मग वाडीची काय कथा. आडनाव तर लिहिलेलंच नाही. गड्याचं नुसतं नाव लिहिलं, आणि पुढं तेच नाव त्याच्या घराण्याचं आडनाव होऊन बसलं. समजा, इथून पांडू गेला. तर त्याच्या पतवंडाचं आडनावच पांडू! आता असला माणूस आपल्या वाडीत येऊन 'आम्ही पांडू' म्हणाला तर आपण काय ओळखणार?

तरी शोधता आलं असतं. पण आपल्याकडं काही लिहिलेलं नव्हतं. आणि दुसरंही एक झालं, ते मी स्पष्टच सांगतो. एका पडवीत म्हातारे बसले होते. त्यातल्या एकाला काहीतरी ठाऊक होतं, त्याच्या तोंडावरून मला कळत होतं. पण तो म्हणाला, "आमाला काय म्हाईत नाय." का? तर जमीन. परदेशातून वारस आला, आता हिस्सा मागणार. त्या आत्याबाईंनी काय मागितलं होतं? घराचा उंबरा कुठला ते दाखवा, आणि ग्रामदेवतेचं नाव सांगा. त्या देवळात गेल्या, ओटी भरली, आणि आपली ओटी योग्य देवीला भरली की शेजारच्या गावच्या देवीला भरायला हवी होती, हे न कळता परत गेल्या. तो म्हातारा पुढच्या पावसात वारला. त्याच्याबरोबर जे होतं ते गेलं.

मंडळी, पानानं जमीन जात नाही. जमिनीला सातबारा लागतो, फेरफार लागतो, वारसनोंद लागते. आजोबाचा भाऊ कुठं गेला हे लिहिलं म्हणून कुणी बांध सरकवत नाही. तरी भीती वाटत असेल तर पानावर गट नंबर लिहू नका. आधार नंबर, बँकेचा खाते नंबर तर मुळीच नको. पान चारचौघांच्या हाती जाणार आहे.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात विचारण्यापासून. घरातलं सर्वांत म्हातारं माणूस गाठा. दुपारी जेवणानंतर नको, तेव्हा झोप येते. सकाळी चहा झाला की बसा. आणि "कुठल्या साली गेले?" असं विचारू नका. साल कुणाला आठवत नाही. "तेव्हा काय झालं होतं?" असं विचारा. मग आजी बोलू लागते. रामदास बोट बुडाली त्याच्या आधी की नंतर? आधी, असं म्हणाली की १७ जुलै १९४७ च्या आधी. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा काका घरी होते का? तो ११ डिसेंबर १९६७. तो मोठा दुष्काळ आठवतो? तो १९७२. मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तो १८ जानेवारी १९८२. कोकण रेल्वे पुरी झाली ती १९९८. आपल्या वयाचा आधार घ्या, "माझं लगीन व्हायचं होतं," "थोरला पोटात होता." अशा दोन खुंट्या मिळाल्या की मधलं साल बांधता येतं. नेमकं साल नाही मिळालं तर '१९४७ च्या सुमारास' असं लिहा. त्यात कमीपणा नाही.

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख मिळेल. पण जुन्या दाखल्यावर १ जून ही तारीख असली तर तिच्यावर फार भरवसा ठेवू नका. शाळेत घालताना तारीख ठाऊक नसली की १ जून टाकायचा रिवाज होता. निम्मा गाव एका दिवशी जन्मलेला असतो.

मग कागद शोधा. ट्रंकेच्या तळाशी, देव्हाऱ्याच्या मागं, माळ्यावर. गिरणीचा बिल्ला, पगाराची पावती, मनीऑर्डरीचं कूपन. ही कूपनं टाकू नका. त्याच्या मागं दोन ओळी लिहायला जागा असे, आणि माणूस त्या दोन ओळींत सगळं सांगत असे. माझ्या वडिलांचं एक कूपन माझ्याजवळ आहे. 'छपराला कौले घालणे. म्हशीचे काय झाले.' एवढंच आहे त्यावर. गिरणीत बारा तास उभं राहून माणसाचा जीव इथं म्हशीत होता.

आता लिहायचं कसं. यात एक शिस्त पाळायची आहे. दोन शाया घ्या. कागदात वाचलेलं असेल ते काळ्या शाईनं. तोंडी ऐकलेलं असेल ते निळ्या शाईनं, आणि कुणी सांगितलं त्याचं नातं कंसात. आणि जे ठाऊक नाही, त्याला जागा कोरी सोडा. कोऱ्या जागेला लाजू नका. पुढं कुणाला तरी ते सापडेल, त्याला लिहायला जागा हवी. काही लोक काय करतात, कोरं दिसू नये म्हणून मनानंच भरतात. आमचे पूर्वज अमक्या सरदाराचे, तमक्या किल्ल्याचे. भात लावणारा माणूस तलवारवाला करून टाकतात. त्यानं पुढच्या पिढीची दिशाभूल होते, आणि भात लावणाऱ्याचा अपमान होतो तो वेगळाच.

नाव मात्र सगळ्या रूपांनी लिहा. घरातलं हाकेचं नाव, कागदावरचं नाव, आणि दुसऱ्यानं चुकवून लिहिलेलं नाव असेल तर तेही. गावाचं नाव लिहाल तेव्हा वाडीही लिहा. तालुका लिहा, जिल्हा लिहा. ग्रामदेवतेचं नाव लिहा. एका नावाची चार गावं असतात, पण वाडी आणि देवी जुळली की घर सापडतं.

इथं बायकांना एक सांगायचं आहे. घराण्याची झाडं काढतात त्यात बापाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, असं वर वर जातात. आईचा पत्ताच नाही. तिचं माहेर कुठलं, माहेरचं नाव काय, हे आपल्या पानावर असलंच पाहिजे. मॉरिशसच्या त्या नोंदींत बाई गेली असेल तर तिला तिचा स्वतःचा नंबर आहे, तिच्या बापाचं नाव आहे. परक्या सरकारनं लिहून ठेवलं ते आपण घरच्यांनी लिहू नये?

आणि गेलेल्याच्या पानावर राहिलेलीसाठी दोन ओळी ठेवा. नवरा बोटीवर चढला, पहिल्या वर्षी निरोप आला, मग काही नाही. अशा बायका आपल्या वाड्यांत होऊन गेल्या. जिवंत की मेला ते कळेना. कुंकू लावावं की पुसावं ते कळेना. तिनं शेत केलं, सासू सांभाळली, पोर वाढवलं. तिचं नाव कुठल्याच जहाजाच्या नोंदीत नाही. ते फक्त तुम्हीच लिहू शकता.

भांडण करून गेलेला, कर्ज बुडवून गेलेला, जातीच्या जाचाला कंटाळून गेलेला असेल तर? वर्गात मला एका भावानं हे विचारलं. मी म्हणतो, लिहा. जातीचा जाच तर नक्की लिहा, तो त्या माणसाचा दोष नव्हे. कर्ज-भांडण मात्र एका ओळीत लिहा, ज्याच्याशी भांडला त्याची पोरं अजून शेजारी राहतात हे ध्यानात ठेवून.

आता पानाच्या रूपाकडं येऊ. हल्ली पान जुन्या काळचं दिसावं अशी हौस असते, आणि ती वाईट नाही. पिवळसर कागद, त्यावर तपकिरी फोटो, कोपऱ्यात एखादी नक्षी. बघणाऱ्याचं मन त्या काळात जातं. घरच्या घरी करता येतं. दोन पेले पाण्यात तीन-चार चमचे चहापूड उकळा, गाळा, पुरतं गार होऊ द्या. पांढऱ्या ड्रॉइंगच्या कागदावर रुंद कुंचल्यानं किंवा फडक्यानं फिरवा. सावलीत वाळवा. उन्हात कागद वाकडा होतो. वाळला की पाटाखाली दाबून ठेवा. दुसरा हात दिला की रंग गडद होतो. नक्षीला घरच्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी लावा, भाताची एक वाळलेली लोंबी लावा. बाजारातून चमकी आणू नका.

पण एक ध्यानात ठेवा. हा चहा फक्त नव्या कोऱ्या कागदाला. खऱ्या जुन्या कागदाला चहाचा थेंबही लागता कामा नये. चहानं कागद आंबटतो, आंबट कागद कालांतरानं ठिसूळ होतो. म्हणून खरा फोटो आणि खरा दाखला पानावर चिकटवायचाच नाही. तालुक्याला जाल तेव्हा झेरॉक्स काढा, फोटोची प्रत काढा. पोराच्या मोबाइलवर फोटो घेऊन तो छापून आणला तरी चालतो. दिवसा खिडकीजवळ ठेवून घ्यावा, सावली पडू देऊ नये. पानावर प्रत लावायची, मूळ कागद पेटीत.

प्रत लावायला खळ करा. मैदा पाण्यात शिजवून केलेली खळ चांगली. पण आपल्याकडं कसर आणि वाळवी, त्यांना मैदा गोड लागतो. बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. ते विष आहे. घातलंत तर हात धुवा, वाटी वेगळी ठेवा, लेकरांना लांब ठेवा. त्यापेक्षा फोटोला कोपरे करा. कागदाचा लहान चौकोन घ्यायचा, दुमडून त्रिकोण करायचा, फोटोच्या चारी कोपऱ्यांत बसवायचा आणि कोपरा तेवढा पानाला चिकटवायचा. फोटो निघतो, पुन्हा बसतो. पूर्वी आल्बमात असेच असत. चिकटपट्टी नको. ती पिवळी पडते आणि तिचा डाग कागदात उतरतो. टाचणीही नको, पहिल्या पावसाळ्यात गंज धरते. आणि जुन्या कागदाला दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये गच्च बसवून आणू नका. त्यांत गरम करून दाबतात. मग तो कागद पुन्हा मोकळा होत नाही.

फोटोच्या पाठीवर नाव लिहायचं ते मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेन दाबलं की पुढच्या बाजूला वळ उठतो.

पानावरची मांडणी तुमच्या मनानं करा. माझ्या पानावर मी मधोमध फोटो लावला आणि खाली नकाशा काढला. नकाशा म्हणजे भूगोलाचा नव्हे. आपली वाडी, तिथून पायवाट, खाडी, बंदर, बोट, भाऊचा धक्का, परळची चाळ. अशी रेघ ओढायची आणि जागोजागी टिंब द्यायचं. मॉरिशसचं असेल तर मुंबईच्या पुढं लांबलचक रेघ ओढा, पोर्ट लुईपर्यंत. शिडाच्या जहाजानं त्या रेघेला कित्येक आठवडे लागत. पोर्ट लुईच्या पुढंही रेघ जाऊ द्या. तिथं कास्कावेल म्हणून गाव आहे, तिथं मराठी माणसांनी १८९६ पासून गणपती बसवायला सुरुवात केली असं तिकडं सांगतात. आपल्या जाखडीसारखा नाचही त्यांच्याकडं आहे. बेट १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झालं. म्हणजे ज्यांना नंबर देऊन उतरवलं, त्यांची पोरं आज त्या देशाची मालक आहेत.

मूळ कागदांविषयी एक शेवटचं. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला, लोकांच्या ट्रंका पाण्याखाली गेल्या. दाखले, फोटो, पत्रं, सगळ्याचा लगदा. पेटी जमिनीवर ठेवू नका, भिंतीला टेकवू नका. कागद कागदाच्या पाकिटात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत आत दमट राहतं आणि बुरशी धरते. बाजूला वेखंडाचा तुकडा पुरचुंडी करून ठेवा. पावसाळा सरला की एक दिवस सावलीत उघडून वारा द्या. आणि पानाची एक झेरॉक्स लेकीच्या घरी ठेवा. एक घर बुडालं तर दुसरं असतं.

येत्या गुरुवारी जाड कागद ट्रस्टकडून मिळणार आहेत, प्रत्येकाला दोन. एक बिघडेल असं धरून दोन सांगितले आहेत. काळं-निळं पेन वर्गात आहे. कात्र्या दोनच आहेत, घरची असेल तर आणा. मूळ कागद वर्गात आणू नका, प्रत आणा. अजून प्रत काढली नसेल तर नुसती विचारून आलेली माहिती आणा, आपण निळ्या शाईनं सुरुवात करू. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी गुरुवारची वाट पाहू नये, आज रात्रीच विचारून घ्यावं. आणि मागच्या ओळीतल्या काकी म्हणतात त्यांना अजून जोडाक्षर जमत नाही. त्यांनी सांगावं, त्यांच्या नातीनं लिहावं, आणि खाली काकींनी आपली सही करावी. सही त्यांना येते.